आधी बसायला स्टूल द्या

कारखान्यांत नऊऐवजी बारा तास आणि दुकानांत नऊऐवजी दहा तास काम करून घेण्याची मुभा महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबर २०२५ ला देऊन टाकली. कारखान्यातली पाच तासांनंतरची विश्रांती सहा तासांवर गेली. गुंतवणूक, रोजगार, उद्योगसुलभता असा सगळा हिशेब मांडला गेला. कामगाराच्या पायांचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही, आणि आमचा संताप त्यावरच आहे.

पायातले रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळतात, शिरांतल्या झडपा रक्त खाली परतू देत नाहीत. माणूस एका जागी उभा राहिला की हा पंप थांबतो आणि घोट्याजवळच्या शिरांत पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत दाब साचतो. वर्षानुवर्षे हेच चालले की झडपा निकामी होतात, शिरा फुगतात, घोट्यावरची कातडी काळवंडते आणि एक दिवस फुटते. ही जखम महिनोन्‌महिने चिघळते. डेन्मार्कमध्ये कामकरी माणसांवर बारा वर्षे लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. फुगलेल्या शिरांसाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या कामकरी वयाच्या रुग्णांपैकी एक पंचमांशाहून अधिकांचे दुखणे कामावरच्या उभे राहण्या-चालण्याशी जोडलेले निघाले. तास वाढवणाऱ्यांना हे कळायला नको होते का?

उपचारांचे संशोधन थांबलेले नाही. ब्रिटनमधील ४५० रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. दाबपट्टी दोन्ही गटांना होती. पण ज्यांच्या बिघडलेल्या शिरेवर दोन आठवड्यांच्या आत उपचार झाले, त्यांच्यापैकी निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. ज्यांचे उपचार लांबवले, त्यांच्यातल्या निम्म्यांना ८२ दिवस लागले. थोडक्यात, लवकर या. पण छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतला कंत्राटी कामगार लवकर येणार कसा? खाडा झाला की मजुरी बुडते. शहरात गुलमंडीतल्या कापड दुकानातली मुलगी रात्री पायांना तेल चोळते आणि सकाळी पुन्हा उभी राहते. अशी माणसे घाटी या सरकारी रुग्णालयाच्या दारात येतात ती जखम वाहू लागल्यावरच. बारा तासांच्या पाळीनंतर ती आणखी उशिरा येतील.

जादा कामाला लेखी संमती लागेल, असे सरकार सांगते. हातावर पोट असलेल्याच्या सहीला आम्ही संमती मानत नाही.

उभे राहून काम करणाऱ्याला बसण्याची सोय हवी, असे १९४८ च्या कारखाने कायद्याचे कलम ४४ सांगत होते. किती शेडमध्ये स्टूल आहेत, हे कारखाना निरीक्षकांनी जाहीर करावे. दुकानांतील कामगारांसाठी केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये बसण्याचा हक्क कायद्यात लिहिला. केरळातल्या कोळिकोडच्या दुकानांतल्या बायका त्यासाठी वर्षानुवर्षे लढल्या. पुढारलेपणाचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राला हे का सुचले नाही?

मराठवाड्याच्या माणसाचे शरीर वापरून टाकायचेच असते, ही समजूत जुनी आहे. बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पेटला, चौकशी समिती बसली. तोडीला जाणे काही थांबले नाही. आता शहरालगतच्या ऑरिक या औद्योगिक नगरीत नवे कारखाने येत आहेत. बिडकीनला टोयोटा येणार म्हणून शहर आनंदले, आम्हीही आनंदलो. पण तिथे उभ्या राहणाऱ्या पोरांच्या पोटऱ्यांची नोंद पहिल्या दिवसापासून कोण ठेवणार? ती घाटीने ठेवावी. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथे शिरांची तपासणी शिबिरे घ्यावीत, सोनोग्राफी मोफत करावी आणि या शहराची स्वतःची आकडेवारी उभी करावी. त्याचा खर्च तास वाढवून मागणाऱ्या उद्योगांकडून घ्यावा. बसण्याचा हक्क दुकान कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिला जाईपर्यंत वाढीव तासांची अंमलबजावणी सरकारने रोखावी.