ऐकणे आणि कानावर पडणे

आमच्या किनाऱ्यावरील एखाद्या आलिशान हॉटेलात पाऊल टाकावे, तो तंबोऱ्याचा मंद झंकार कानी येतो. त्यावर कुठे बासरीची एखादी लकेर, कुठे यंत्राने लांबविलेला सतारीचा स्वर. गाणे असे सुरूच होत नाही, त्यामुळे ते संपतही नाही. मालिशगृहात, योगवर्गात, झोप यावी म्हणून मोबाइलवर लावलेल्या संगीतात हाच प्रकार. 'ॲम्बियंट' नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वातावरणसंगीताला भारतीय साज चढला म्हणून काहींना अभिमान वाटतो. काहींना आपल्या विद्येची विटंबना झाली असे वाटून संताप येतो. आमच्या मते या दोन्ही भावना अस्थानी आहेत. खरा प्रश्न वाजविणाऱ्याचा नसून ऐकणाऱ्याचा आहे.

ब्रायन इनो या इंग्रज संगीतकाराने १९७८ साली विमानतळासाठी म्हणून एक ध्वनिमुद्रिका काढली आणि या प्रकाराला नाव मिळवून दिले. लक्ष दिले तर रुचावे, दुर्लक्ष केले तरी बिघडू नये, एवढीच त्याची या संगीताकडून अपेक्षा होती. तीत अप्रामाणिक काही नाही. विमानाची वाट पाहून त्रासलेल्या प्रवाशापुढे विलंबित ख्याल मांडावा, असे कोण म्हणेल? परंतु ज्यांचे ऋण इनोने मानले, ती माणसे दुर्लक्ष करणारी नव्हती. ला मॉन्ट यंग आणि टेरी रायली हे अमेरिकन रचनाकार १९७० साली किराना घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले आणि वर्षानुवर्षे तंबोरा जुळवीत गुरूपुढे बसले. तेव्हा परकेपणाला दोष देण्यात अर्थ नाही. पेटी आणि व्हायोलिन ही वाद्येही आपल्याकडे सातासमुद्रांपलीकडूनच आली व आपली झाली.

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा तसूतसूने सरकवून जवारी लावावी लागते. खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार उमटेपर्यंत जाणता कलावंत समाधान मानीत नाही. आणि तो गंधार ऐकू येण्यासाठी श्रोत्यालाही कान टवकारावे लागतात. म्हणजे ज्या वाद्याची घडणच मुळी अवधान मागते, तेच आज अवधान सुटावे म्हणून वाजविले जात आहे. हा विपर्यास आम्हांस बोचतो.

'जागतिक संगीत' या शब्दाचेही असेच झाले. अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठाचे संगीतज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी तो रूढ केला, तेव्हा परक्याचे संगीत त्याच्या पायाशी बसून शिकावे असा त्यामागे आशय होता. १९८७ साली लंडनच्या ध्वनिमुद्रिका व्यावसायिकांनी तोच शब्द दुकानातील फळीवर चिकटविण्यासाठी उचलला. ग्रॅमी पारितोषिक देणाऱ्यांनी २०२० साली तो टाकूनही दिला.

याच ब्राउन यांनी एका गोमंतकीय गायिकेची ध्वनिमुद्रिका अंतराळात धाडण्याची शिफारस केली होती. फोंडा तालुक्यातील केरी गावी जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांची 'जात कहां हो' ही भैरवी, सुमारे साडेतीन मिनिटांची, १९७७ साली दोन व्हॉयेजर यानांतून निघाली. दुसरे यान सुटले त्याच सप्टेंबर महिन्यात केसरबाई निवर्तल्या. त्यांतील व्हॉयेजर-१ या यानाने २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राची वेस ओलांडली. अल्लादियाखाँसाहेबांपाशी जिने तपे घालविली आणि ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत जी अखेरपर्यंत चोखंदळ राहिली, तिचा स्वर ताऱ्यांच्या वाटेवर आहे. तिथे कोणी ऐकणारा भेटेल की नाही, हा पुढचा प्रश्न. इथे, तिच्या गोव्यात, तो भेटतो काय?

आपले वर्तन पाहता छातीठोकपणे होय म्हणवत नाही. देवळाच्या चौकात रात्र जागवून भजन ऐकणाऱ्या आमच्या वाडवडिलांना रागांची नावे ठाऊक नसतील. पण एखाद्याचा स्वर ढळला की साऱ्या माना एकदम वळत. आज त्याच चौकात कर्ण्यावर मुद्रित अभंग दिवसभर चालू असतात आणि आपण त्यांच्याखाली उभे राहून गप्पा मारतो. लग्नाच्या पंगतीत सनई डबाबंद असते. मैफलीत आलाप रंगात आला असता पुढच्या रांगेत मोबाइलचे पडदे उजळतात. हॉटेलवाला व्यवसाय करतो, त्याला शांततेचा आभास विकायचा असतो. आपल्याला कसली सबब आहे?

श्रोता घरातच घडतो. त्यासाठी सरकारी योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. केसरबाईंची ती भैरवी आज कोणालाही सहज मिळते. मुलाबाळांना जवळ घेऊन, मोबाइल उपडा ठेवून, हातचे काम बाजूला सारून ती एकदा ऐकावी. ज्याच्याने साडेतीन मिनिटे स्वस्थ बसवत नाही, त्याने हॉटेलातील तंबोऱ्याला नावे ठेवू नयेत.