दोघींची जोडी आणि तिची वर्दी

मैत्रिणींनो,

मागच्या कार्यकर्ता शिबिरात दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही एक सिनेमा लावला. दिवसभर कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, पोलीस ठाण्यात तक्रार कशी नोंदवायची, एन.सी. लिहून बोळवण केली तर पुढे काय करायचे, असे जड विषय झाले होते. जेवणानंतर जरा हसू या, असे सगळ्यांचेच म्हणणे पडले. तरुण मैत्रिणींनी 'द हीट' हा २०१३ सालचा हॉलिवुडचा सिनेमा निवडला. इंग्रजी न समजणाऱ्यांसाठी एकजण मधूनमधून मराठीत सांगत होती. दोन तास सगळ्याजणी पोट धरधरून हसल्या.

दिवे लागले. चळवळीत चाळीस वर्षे घालवलेली एक मैत्रीण म्हणाली, "मीही हसले. पण तो उलटा टांगलेला पोरगा आपल्या वस्तीतला असता, तर?" त्यावर रात्री उशिरापर्यंत वाद झाला आणि तो मिटला नाही. हे संपादकीय म्हणजे त्या वादाचा पुढचा भाग आहे.

आधी या प्रकारच्या सिनेमांविषयी थोडे. दोन पोलीस, स्वभावाने दोन टोकांचे. एक शिस्तीचा, दुसरा तिरसट आणि बेफाम. एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोघे एका गुन्ह्याच्या तपासासाठी जुंपले जातात, भांडतात, गोळ्या झेलतात आणि शेवटी जिवलग होतात. १९८२ च्या '४८ अवर्स'मध्ये जोडी पोलीस आणि कैद्याची होती. १९८७ च्या 'लीथल वेपन'ने हा साचा पक्का केला. साचा पुरुषांच्या मैत्रीचा होता. त्यात बाईचे काम काय? 'लीथल वेपन'च्या सुरुवातीलाच एक तरुणी उंचावरून खाली पडून मरते. पुढे नायकाच्या मुलीला गुंड पळवून नेतात. बाईने मरायचे किंवा पळवले जायचे, म्हणजे पुरुषांना धावायला कारण मिळते!

पडद्यावर दोन बायकांची अशी मैत्री का नाही, हा प्रश्न अमेरिकेतल्या स्त्रीवाद्यांनी फार पूर्वी विचारला होता. मॉली हॅस्केल या समीक्षिकेच्या १९७४ मधल्या पुस्तकातून तो उचलून बार्बरा अ‍ॅव्हेडन आणि बार्बरा कॉर्डे या दोघींनी न्यूयॉर्कच्या दोन महिला पोलिसांची कथा रचली. तीच पुढे 'कॅग्नी अँड लेसी' ही दूरचित्रवाणी मालिका झाली. १९८२ मध्ये मालिका सुरू झाली आणि थोड्याच भागांनंतर वाहिनीने एक नायिका बदलायला लावली. मेग फॉस्टर ही अभिनेत्री त्यांना फार आक्रमक वाटली! तिच्या जागी शॅरन ग्लेस आली. १९८३ मध्ये तर मालिकाच बंद केली. तेव्हा प्रेक्षकांनी, त्यातही बायकांनी, हजारोंनी पत्रे लिहिली आणि १९८४ मध्ये ती परत सुरू करायला लावली. पुढे ती १९८८ पर्यंत चालली. पत्रे लिहिण्याचे काम किती निष्फळ, असे ज्यांना वाटते त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

'द हीट' या दोघींच्या मागून येणारा. केटी डिपोल्ड या लेखिकेने तो लिहिला, पॉल फीगने दिग्दर्शित केला. सँड्रा बुलकची अ‍ॅशबर्न ही एफबीआयची अधिकारी. हुशार, टापटिपीची, नियमावर बोट ठेवणारी आणि सहकाऱ्यांना नकोशी. बढतीच्या आशेने ती एका अंमली पदार्थवाल्याच्या मागावर बॉस्टनला जाते. तिथे तिची गाठ पडते मेलिसा मॅकार्थीच्या मलिन्सशी. ही वस्तीत वाढलेली, शिवराळ, जाडजूड, कुणालाही न जुमानणारी. सख्ख्या भावाला व्यसनाच्या धंद्यातून सोडवण्यासाठी तिने त्याला स्वतःच तुरुंगात धाडलेले असते, त्यामुळे सगळे घर तिच्यावर उलटलेले आहे.

जोडी जमली का? जमली, आणि चांगलीच जमली. या दोघी कोणा पुरुषावरून भांडत नाहीत आणि पुरुषामुळे एकत्रही येत नाहीत. त्यांचे भांडण कामावरून आहे. कोण जास्त हुशार, कोणाचे ऐकायचे, हद्द कोणाची? आपल्या संघटनांतली भांडणे अशीच असतात, म्हणून आपल्याला ती ओळखीची वाटतात. मलिन्स आपल्या साहेबाची भर कचेरीत मर्दानगी शोधत फिरते, तेव्हा शिबिरातले हसू सगळ्यात मोठे होते. ठाण्यात तासन्‌तास बाकावर बसवून ठेवलेल्या बायकांचे ते हसू होते. त्याला आम्ही कमी लेखणार नाही.

आणखी एक. मलिन्स जाड आहे, पण तिला कोणी पसंत करत नाही असा विनोद इथे नाही. पुरुष तिच्यासाठी झुरतात आणि तिलाच त्यांच्यासाठी वेळ नाही. गंमत अशी, की ब्रिटनमध्ये सिनेमाचे जे पोस्टर लागले त्यावर याच मॅकार्थीचा चेहरा बारीक करून छापला होता, आणि त्यावर बरीच टीकाही झाली. सिनेमाला तिचे शरीर चालले, बाजाराला चालले नाही!

अ‍ॅशबर्न अनाथ, परक्या घरांत वाढलेली. शेवटी मलिन्स तिच्या शाळेच्या स्मरणवहीत लिहून ठेवते, की आता तुला बहीण आहे. तिथे आमच्यातल्या दोघीतिघींनी डोळे पुसले. घर सोडून आलेल्या बाईला घर देण्याचे काम आपल्याकडे बऱ्याचदा मैत्रिणीच करतात. 'बायकाच बायकांच्या शत्रू' ही म्हण ऐकून कान किटलेल्या आपल्यासारख्यांना या दृश्याचे मोल कळते. सुमारे ४ कोटी ३० लाख डॉलर खर्चून केलेल्या या सिनेमाने जगभरात २३ कोटींच्या आसपास गल्ला जमवला. बायकांच्या जोडीचा सिनेमा चालत नाही, ही निर्मात्यांची सबब त्यानंतर पोकळ ठरली.

हे सगळे मान्य करून आता त्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येऊ.

अल्बिनिझम असलेल्या एका अधिकाऱ्याच्या कातडीवरून सिनेमाभर टिंगल चालते. अंगावर कोड आले म्हणून मुलींची लग्ने मोडलेली, नांदत्या बायका माहेरी धाडलेल्या आपण पाहिल्या आहेत. तिथे हसू येत नाही. पण ते तेवढ्यापुरते. खरा प्रश्न साच्याच्या गाभ्यात आहे.

या साच्यात नियम पाळणारा जोडीदार 'सुधारतो' म्हणजे काय होते? तो नियम मोडायला शिकतो. सुरुवातीला मलिन्स चौकशीच्या खोलीत एका काळ्या तरुणाच्या जांघेवर पिस्तूल रोखून चाप ओढते, तेव्हा अ‍ॅशबर्न तिला विरोध करते. पुढे एका संशयिताला उंचावरून उलटे टांगले जाते आणि तो हातातून निसटून खाली पडतो. हळूहळू अ‍ॅशबर्न सैलावते. शेवटी खलनायकाच्या जांघेत गोळी तीच झाडते. तिचा एकटेपणा जसा सुटत जातो तसा कायदाही सुटत जातो. म्हणजे या मैत्रीची किंमत त्या दोघी मोजत नाहीत. ती मोजतो कोठडीतला माणूस. २८ जून २०१३ रोजी हा सिनेमा अमेरिकेत लागला. त्याच जुलैत ट्रेव्हॉन मार्टिन या निःशस्त्र काळ्या मुलाला गोळी घालणारा माणूस निर्दोष सुटला आणि 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' ही हाक उठली. पडद्यावर जे हसण्यावारी गेले त्याचा जाब रस्त्यावर विचारला जाऊ लागला.

"अहो, विनोद आहे तो, एवढे काय?" असे तरुण मैत्रिणींनी विचारले. रास्त आहे. पण आपली चळवळ कुठून सुरू झाली ते आठवू या. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी लैंगिक अत्याचार केला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. १९८० च्या ८ मार्चला बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कोठडीतल्या बलात्काराचा कायदा झाला. सूर्यास्तानंतर बाईला अटक करू नये, अटक करताना महिला पोलीस असावी, एफआयआरची प्रत फुकट द्यावी, हे नियम आज आपण ठाण्यात तोंडपाठ म्हणून दाखवतो. सिनेमाला नियम कंटाळवाणे वाटतात. आपल्याला ते तसे वाटून चालणार नाहीत. नियम मोडणारी वर्दी आपल्या बाजूची असतेच असे नाही. बहुतेक वेळा ती नवऱ्याच्या, मालकाच्या, पाटलाच्या बाजूची असते.

आणि प्रश्न पडद्यापुरता राहिलेला नाही. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ बलात्कार-खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या, तेव्हा पोलिसांवर फुले उधळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये पोलिसांची चकमकीची कहाणी खोटी ठरवली. आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलीस गाडीतच मारला गेला आणि पेढे वाटले गेले. दोन्ही वेळा सांगण्यात आले, की हे बायकांसाठी केले. खटला नाही, साक्ष नाही, ज्या शाळेत किंवा ज्या ठाण्यात दुर्लक्ष झाले त्यांची चौकशी मागे पडते, आणि आपल्या तोंडात पेढा! वर्दीतल्या माणसाच्या जागी बाई आणली म्हणून हा हिशेब बदलतो का?

म्हणजे अशी जोडी मुळात दाखवूच नये? तसे नाही. इव्हान आयर यांचा 'सोनी' (२०१८) पाहा. दिल्लीतली सोनी ही तापट फौजदार, कल्पना ही तिची संयमी वरिष्ठ. सोनीचा हात सुटतो, छेड काढणाऱ्याला ती बडवते. आपल्यालाही क्षणभर बरे वाटते. पण सिनेमा टाळी वाजवत नाही. तिची बदली नियंत्रण कक्षात होते. कल्पना तिला पाठीशी घालते, समजावते, पण तिच्यासारखी होत नाही. रात्री गस्त घालून आलेल्या या दोघींना घरी विचारले जाते ते मूल कधी, नवऱ्याचे काय, हेच. इथेही मैत्री आहे, पण ती कोणाच्या पाठीवर पाय देऊन उभी नाही. त्यात हसू कमी आहे, हे मात्र खरे. ते दोन्ही साधणारा सिनेमा अजून यायचा आहे.

म्हणून आमचे मत असे. 'द हीट'मधली जोडी जमली आहे, वर्दी जमलेली नाही. सिनेमा जरूर पाहा, गटात दाखवा, मनसोक्त हसा. मग दिवे लावा आणि विचारा, आपण कुठे हसलो, कोणाला हसलो? ठाण्यातल्या बाकावर ताटकळत बसलेली बाई म्हणून हसलो, की कोठडीचे दार लावणाऱ्या हातांच्या बाजूने? आमच्या शिबिरात याचे एक उत्तर निघाले नाही. तुमच्या गटात काय निघते ते आम्हाला अवश्य लिहून कळवा. पत्रांची ताकद आपण वर पाहिलीच आहे.

स्नेहपूर्वक,
संपादक मंडळ