ख्रिस्ती शाळेतील पहिलीचा वर्ग आणि सरकारी तिजोरी

अमेरिकेतील अनेक प्रॉटेस्टंट ख्रिस्ती शाळांत पहिलीच्या वर्गाचा दिवस तीन प्रतिज्ञांनी सुरू होतो. पहिली राष्ट्रध्वजाला, दुसरी ख्रिस्ती ध्वजाला आणि तिसरी बायबलला. सोमवारी फळ्यावर आठवड्याचे वचन लिहिले जाते आणि सहा वर्षांच्या मुलाने ते शुक्रवारपर्यंत पाठ करावयाचे असते. त्याच फळ्यावर स्पेलिंगच्या शब्दांची यादी असते; तिचीही परीक्षा शुक्रवारीच. मधल्या एका दिवशी साऱ्या वर्गांची सामुदायिक उपासना होते. एवढ्यावरच भागले असते, तर हा वर्ग आणि शेजारच्या सरकारी शाळेतील वर्ग यांत फार तर एका तासिकेचा फरक आहे असे म्हणता आले असते.

वस्तुस्थिती तशी नाही. वारांची नावे आणि एक ते सात हे आकडे शिकताना सृष्टीच्या निर्मितीचे सात दिवस समोर येतात. झाडे, मासे, पक्षी यांची ओळख त्याच क्रमाने होते, आणि तोच विज्ञानाचा धडा ठरतो. नाण्यांचा हिशेब शिकताना दहा डाइमांपैकी एक देवाच्या वाट्याचे, हेही बरेचदा सांगितले जाते. वाचनपाठातील वाक्येही त्याच श्रद्धेत भिजलेली असतात. धर्म हा येथे स्वतंत्र विषय नसून सर्व विषयांचे माध्यम आहे. या शाळांचे चालक ही गोष्ट लपवीत नाहीत. उलट तेच आपले वैशिष्ट्य म्हणून सांगतात, आणि यात त्यांचा प्रामाणिकपणाच दिसतो.

या वर्गांचे एक श्रेय मान्य केले पाहिजे. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालून वाचन शिकविण्याची जुनी पद्धत त्यांनी सोडली नाही. अमेरिकी मुलांना वाचता का येत नाही, असा प्रश्न रुडॉल्फ फ्लेश यांनी १९५५ मध्येच विचारला होता. तरीही पुढे अनेक सरकारी शाळांत चित्र व संदर्भ पाहून शब्द ओळखण्याची पद्धत रुजली. फ्लोरिडातील पेन्साकोला येथे हॉर्टन दांपत्याने १९७२ मध्ये सुरू केलेल्या प्रकाशनाची पाठ्यपुस्तके मात्र ध्वनींवरच भर देत राहिली. मिसिसिपी राज्याला २०१३ मध्ये वाचनविषयक कायदा करून आपल्या शिक्षकांना पुन्हा त्याच वाटेकडे वळवावे लागले.

प्रश्न उरतो तो खर्चाचा. आपल्या मुलास अशा शाळेत धाडण्याचा पालकांचा हक्क तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्ये ऑरेगन राज्याच्या प्रकरणात मान्य केला, आणि तो निर्विवाद आहे. १९६२ व १९६३ च्या निकालांनी सरकारी शाळांतील प्रार्थना आणि बायबलवाचन घटनाबाह्य ठरले, तेव्हा अनेक पालक ख्रिस्ती शाळांकडे वळले. (दक्षिणेतील काही शाळांच्या जन्मास कृष्णवर्णीय मुले शेजारी बसू नयेत ही इच्छाही कारणीभूत होती, हे विसरता येत नाही.) परंतु तोपर्यंत शुल्काचा भार मुख्यतः पालक आणि चर्च वाहत असे. २००२ मध्ये क्लीव्हलंडच्या व्हाउचर योजनेस न्यायालयाची मान्यता मिळाली. २०२२ मध्ये मेन राज्याच्या प्रकरणात न्यायालय त्याही पुढे गेले: खासगी शाळांचे शुल्क राज्य देत असेल, तर केवळ धार्मिक म्हणून एखादी शाळा वगळता येणार नाही. टेक्सासने २०२५ मध्ये अशा योजनेसाठी एक अब्ज डॉलरची तरतूद केली.

व्हाउचरच्या कल्पनेचे जनकत्व मिल्टन फ्रीडमन यांच्या १९५५ च्या निबंधाकडे जाते. त्या निबंधाचा दाखला देणारे त्यातील एक अट सोयीस्करपणे विसरतात. उपाहारगृह कोणाचेही असो, सरकार तेथील स्वच्छतेची तपासणी करते. तशीच शाळा किमान दर्जा पाळतात की नाही हे सरकारने पाहावे, असे फ्रीडमन यांनीच लिहिले होते. लुइझियानात व्हाउचरवर शिकणाऱ्या मुलांना राज्याची परीक्षा देणे बंधनकारक होते. म्हणूनच २०१२ च्या विस्तारानंतर खासगी शाळांत गेलेल्या मुलांचे गणितातील गुण पहिल्या वर्षांत बरेच घसरले, हे जगाला समजले. अॅरिझोनाने २०२२ मध्ये आपली योजना सर्व मुलांना खुली केली. राज्याच्या परीक्षेची अट मात्र घातली नाही. तेथे गुण चढोत वा पडोत, कर भरणाऱ्याला त्याचा पत्ता लागणार नाही. बाजारपेठेत ग्राहकाला मालाची पारख असते असे गृहीत धरले जाते. येथे ग्राहक पालक आहे, माल दुसऱ्याच्या पदरी पडतो आणि तो दुसरा सहा वर्षांचा आहे.

हा पेच भारताला अपरिचित नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळा मुंबईत व तेव्हाच्या अहमदनगरात चालू असतानाच १८५४ चा वूड यांचा खलिता आला. शाळा कोणत्याही धर्माची असो, तिचे लौकिक शिक्षण चांगले असेल आणि ती सरकारी तपासणी मान्य करीत असेल, तर अनुदान द्यावे; धर्मशिक्षणाकडे निरीक्षकाने पाहू नये, असे त्याचे सूत्र होते. या सूत्रातही अडचण आहेच, कारण ज्या वर्गात विज्ञानाचा धडाच धर्माचा आहे, तेथे निरीक्षकाने नेमके कोठे पाहावे? भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ ने निदान मुलाची बाजू सांभाळली: सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत पालकाच्या संमतीवाचून मुलावर धर्मशिक्षणाची वा उपासनेची सक्ती करता येत नाही. मिलवॉकीच्या १९९० पासूनच्या व्हाउचर योजनेतही पालकाने लेखी कळविल्यास मुलाला धार्मिक कार्यक्रमातून सूट मिळते. तथापि ती सूट उपासनेपुरती कामाची आहे. वाचनाच्या पुस्तकातून सूट घेऊन मूल वाचावयास कसे शिकणार, याचे उत्तर त्या कलमात नाही.