मोहरेवरचा ससाणा आणि दाबोळीचा वाघ

मंडळी, बऱ्हाणपूरला गेलात तर वीसेक किलोमीटरवरचा असीरगड चुकवू नका. जानेवारी १६०१ मध्ये हा गड अकबराच्या हाती आला आणि त्या विजयाची सोन्याची मोहोर पाडली गेली. तिच्यावर ससाणा आहे. देखणा, ताठ! पण गड काही ससाण्याच्या झडपेने पडला नव्हता. वेढा कित्येक महिने चालला. अबुल फजल गडावरच्या रोगराईकडे बोट दाखवतो, तर गोव्याहून मोगल दरबारी गेलेल्या जेझुइट पाद्र्यांच्या हकीकतीत लाच आणि फितुरी आहे. कोणाचेही खरे धरा, झडप कुठेच नाही.

हे उगाळायचे कारण असे. २०२२ मध्ये नौदलाच्या ध्वजावरून सेंट जॉर्जचा क्रॉस गेला आणि शिवछत्रपतींच्या मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. उत्तमच झाले, ध्वज राष्ट्राचा असतो. पण आता 'लढाऊ स्क्वाड्रनची बोधचिन्हेही इंग्रजी वळणाची, तीही पुसा' म्हणणारे भेटतात. वळण इंग्रजी आहेच! गोल चौकट, मधे प्राणी, खाली ब्रीदाची पट्टी ही रॉयल एअर फोर्सची पद्धत. आपल्या हवाई दलाने वरचा मुकुट काढून तिथे अशोकस्तंभाचे सिंह बसवले. म्हणून काय सगळेच उसने ठरले?

आमच्या दाबोळीचेच उदाहरण घ्या. नौदलाची ३०० क्रमांकाची स्क्वाड्रन, 'व्हाइट टायगर्स', १९६० मध्ये उभी राहिली ती ब्रिटनमध्ये. तिची सी हॉक विमाने इंग्रजी, 'विक्रांत' इंग्रजी गोदीतली. पांढरा वाघ तेवढा आपला. रीवाच्या महाराजांनी १९५१ मध्ये पकडलेला 'मोहन' याच मध्य प्रदेशातला. पण देशी प्राणी म्हणून त्या चिन्हाला मोल आलेले नाही. ४ डिसेंबर १९७१ रोजी 'विक्रांत'वरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले चढवले, तेव्हा ते आले. पुढे सी हॅरियर आली, २०१६ मध्ये तीही निवृत्त झाली, वाघ मात्र राहिला. तो पुसणे म्हणजे त्या वैमानिकांची ओळख पुसणे.

चिन्ह कुठून आले हे जरूर शोधा, पण निवाडा त्यावर करू नका. ते मिरवणाऱ्यांनी काय केले ते विचारा. असीरची मोहोर याच मातीत घडली, तरी तिच्यावरच्या ससाण्याने शिकार केलीच नव्हती!