कांदा बंदरात अडकतो, बिल वाढत जातं. डेमरेज म्हणजे नेमकं काय?

14 सप्टेंबर 2020. केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि नाशिकहून निघालेला कांदा न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरात अडकला. कस्टम्सच्या ताब्यात गेलेल्या मालाला नंतर परवानगी मिळाली. पण तोपर्यंतचे दिवस वाया गेले ते गेलेच.

ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क लागलं, 8 डिसेंबर 2023 पासून पुन्हा बंदी आली. दर वेळी बातमी होते ती सडणाऱ्या कांद्याची. पण कांद्यासोबत आणखी एक गोष्ट वाढत असते, ती म्हणजे कंटेनरचं बिल. यालाच व्यापारी भाषेत ढोबळमानाने डेमरेज म्हणतात.

एकच शब्द, तीन वेगवेगळी बिलं

पहिलं बिल अख्ख्या जहाजाचं. समजा रत्नागिरीच्या जयगड बंदरात 50 हजार टन कोळशाचं जहाज आलं. करारात रोज 10 हजार टन माल उतरवायचा ठरलंय, म्हणजे मुदत 5 दिवसांची. माल उतरायला 8 दिवस लागले. रोजचा दर 20 हजार डॉलर ठरला असेल, तर जादा 3 दिवसांचे 60 हजार डॉलर जहाज भाड्याने घेणाऱ्याच्या माथी. हेच मूळ डेमरेज. माल चढवायला उशीर झाला तरी हिशोब हाच. उलट काम लवकर उरकलं आणि करारात तशी तरतूद असेल, तर जहाजमालक पैसे परत देतो. हा दर साधारणपणे डेमरेजच्या निम्मा असतो.

दुसरं बिल बंदराचं. मोफत दिवस संपल्यावरही माल आवारात पडून राहिला, तर जागेचं भाडं लागतं.

तिसरं बिल कंटेनरचं. डबा शिपिंग कंपनीच्या मालकीचा असतो. तो ठरलेल्या दिवसांत परत आला नाही, तर रोजचा दंड. याला डिटेन्शन म्हणतात. बहुतेकदा जितके दिवस जास्त, तितका रोजचा दरही चढा. रेफर, म्हणजे थंड कंटेनर असेल तर विजेचे पैसे वेगळे.

पण चूक कोणाची, हे कोण बघतं?

खरी मेख इथे आहे. या बिलांत बऱ्याचदा चूक कोणाची हा प्रश्नच येत नाही, घड्याळ तेवढं बघितलं जातं.

जहाजाचंच घ्या. पावसामुळे काम बंद राहिलेले दिवस मोजायचे नाहीत, असं करारात लिहून घेता येतं. पण एकदा मुदत संपून डेमरेज सुरू झालं की पुढे पाऊस आला तरी मीटर सहसा थांबत नाही. ‘एकदा डेमरेज, कायम डेमरेज’ हे या धंद्यातलं जुनं सूत्र आहे.

बंदराच्या बाबतीत मुंबईचाच खटला आहे. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आयातदाराची चूक नसताना सरकारी यंत्रणेने माल अडवला, तरी मुंबई पोर्ट ट्रस्ट डेमरेज घेऊ शकतं. कारण जागा तर अडलेलीच असते. पुढे 2009 च्या कस्टम्स नियमांत अडवून ठेवलेल्या मालावर अशी आकारणी करू नये, अशी तरतूद आली. पण तीही इतर कायद्यांच्या अधीन आहे, त्यामुळे वाद संपलेले नाहीत.

मग या बिलाला काही मर्यादा?

भारतीय करार कायदा 1872 मध्ये आहे. कलम 74 म्हणतं की करारात रक्कम लिहिली म्हणून ती सगळी मिळेलच असं नाही. मिळेल ती वाजवी भरपाई, लिहिलेल्या रकमेच्या आतली. पण जहाजांचे अनेक करार इंग्लंडच्या कायद्याखाली होतात आणि वाद लंडनच्या लवादापुढे जातो. तिथे ठरलेला दर सहसा तसाच टिकतो.

पण तिथेही एक गाजलेला निकाल आहे. चितगावला गेलेले कापसाचे 35 कंटेनर कोणीच सोडवून घेतले नाहीत. शिपिंग कंपनीने 10 लाख डॉलरहून अधिक मागितले. डब्याची किंमत होती प्रत्येकी सुमारे 3,262 डॉलर. म्हणजे मागणी डब्यांच्या किमतीच्या कित्येक पट! 2016 साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने सांगितलं की करार पुरा होण्याची शक्यताच संपल्यावर हे मीटर अनंत काळ चालवता येणार नाही.

सरकार काय करतं?

कोरोनाच्या टाळेबंदीत 29 मार्च 2020 रोजी नौवहन महासंचालनालयाने 22 मार्च ते 14 एप्रिल या काळासाठी डिटेन्शन घेऊ नका, असं शिपिंग कंपन्यांना सांगितलं. पण त्याची भाषा सल्ल्याची होती. 2025 मध्ये शंभर वर्षं जुना सागरी मालवाहतूक कायदा बदलला. मात्र डेमरेजचा दर किंवा कमाल मर्यादा नवा कायदाही ठरवत नाही.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. 2022 च्या कायद्यानुसार बिलात ठरावीक माहिती नसेल, तर ते भरण्याचं बंधन नाही. 2024 च्या नियमांनी आणखी एक अट घातली. बिल 30 दिवसांत पाठवायचं, नाहीतर हक्क गेला. दर सरकारने ठरवले नाहीत, बिलाचा हिशोब दाखवायला भाग पाडलं. भारतात निदान इतकं करायला काय हरकत आहे?

याचा तुमच्याशी काय संबंध?

भाईंदरच्या कारखान्यातली स्टीलची भांडी असोत की नाशिकचा कांदा, परदेशी जायचं तर बहुतेक वेळा डबा लागतोच. उद्या तारोडीतल्या एखाद्या तरुणाने छोटा निर्यात व्यवसाय सुरू केला, तर मोठ्या कंपनीसारखे जास्तीचे मोफत दिवस घासाघीस करून मिळवण्याची ताकद त्याच्याकडे नसेल. त्याने बुकिंग करतानाच तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. मोफत दिवस किती, ते कधीपासून मोजणार, आणि सरकारी बंदी किंवा संपामुळे माल अडकला तर काय. माल अडकलाच, तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल करून कारण कळवावं आणि डबा रिकामा करायची परवानगी मागावी.

आणि सरकारने रातोरात निर्यातबंदी केली, की त्या निर्णयाची किंमत बंदरात दिवसागणिक मोजली जाते. व्यापारी ती आपल्या खिशात ठेवत नाही. पुढच्या लिलावात हा धोका धरूनच तो बोली लावतो. शेतकऱ्याच्या हातात कंटेनरचं बिल कधीच येत नाही, पण ते फेडण्यात त्याचाही वाटा असतो.