कोकणातल्या उष्ण झऱ्यांना काम द्या

नवीकरणीय ऊर्जा म्हटली की आपली चर्चा सौर पॅनेल आणि पवनचक्क्यांपाशीच थांबते. पायाखालच्या उष्णतेकडे क्वचितच लक्ष जाते. ऊन मावळते, वारा पडतो, पण भूगर्भातली उष्णता रात्रंदिवस आणि भर पावसातही मिळत राहते. इटलीतल्या लार्देरेलो येथे १९१३ पासून जमिनीतल्या वाफेवर व्यावसायिक पातळीवर वीज तयार होते. केनियाची चाळीस टक्क्यांहून अधिक वीज भूगर्भातून येते. आइसलँडमध्ये दहातली सुमारे नऊ घरे याच उष्णतेने उबदार राहतात. भारतात तीनशेहून अधिक उष्ण झऱ्यांची नोंद आहे आणि क्षमतेचा अंदाज सुमारे १०,००० मेगावॉटचा आहे. तरी त्यावर मोठा वीजप्रकल्प अजून उभा राहिलेला नाही.

यातली एक लांबलचक रांग आपल्या कोकणात आहे. ठाणे जिल्ह्यातल्या अकलोली-गणेशपुरीपासून दापोलीच्या उन्हवऱ्यापर्यंत आणि संगमेश्वरातल्या तुरळ-राजवाडीपर्यंत हे झरे पसरले आहेत. त्यांचे पाणी जास्तीत जास्त सत्तर अंशांच्या आसपास असते, त्यावर टर्बाइन कसे फिरणार, असा पहिला आक्षेप घेतला जातो. अलास्कातल्या चेना येथे ७४ अंशांच्या पाण्यावर २००६ पासून वीज बनते, हे खरे. पण तिथे यंत्र थंड करायला बर्फाळ प्रदेशाचे गार पाणी आहे, कोकणात ते नाही. म्हणूनच इथे विजेचा हट्ट धरू नये. ऊर्जेची गरज म्हणजे फक्त विजेची गरज नव्हे. वाळवणालाही ऊर्जा लागते. कोकम आणि मासळी वाळवायला पन्नास-साठ अंशांची हवा पुरते आणि झऱ्याच्या पाण्याची उष्णता हवेला देणे अवघड नाही. काजूगरासाठी थोडी पूरक उष्णता द्यावी लागेल, पण लाकूडफाटा आणि विजेचा मोठा खर्च वाचेल. कोकमाचा हंगाम मे महिन्यात संपत येतो, तोच वळवाचा पाऊस उन्हातले वाळवण भिजवतो. तेव्हा हक्काची उष्णता मिळणे म्हणजे पदरात माल पडणे.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा आणि पर्यावरणाचा आहे, आणि तो रास्त आहे. लडाखच्या पुगा खोऱ्यात २०२२ मध्ये विंधनाच्या वेळी भूगर्भातले पाणी ओढ्यात वाहून गेले आणि काम थांबवावे लागले. या पाण्यात क्षार असतात. ते शेतात किंवा पऱ्ह्यात सोडता कामा नये. उष्णता घेऊन पाणी पुन्हा जमिनीत जिरवणे, देवस्थानच्या कुंडांना हात न लावता दूरवर विंधनविहीर घेणे आणि कुंडांतल्या पाण्याची पातळी व तापमान यांवर कायम नजर ठेवणे, या अटी ग्रामसभेसमोर लेखी मान्य झाल्याशिवाय काम सुरू होऊ नये.

उरतो खर्चाचा प्रश्न. विंधन महाग असते आणि पाणी लागेलच याची खात्री नसते. ही जोखीम बचत गटाने किंवा छोट्या कारखानदाराने घ्यावी, अशी अपेक्षा चुकीची आहे. केंद्राने २०२५ मध्ये भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले असून त्यात उष्णतेच्या थेट वापरालाही स्थान आहे. त्याचा आधार घेऊन राज्याने तपासणी आणि विंधनाचा भार उचलावा आणि तुरळ-राजवाडी परिसरात सामुदायिक वाळवणकेंद्र उभारावे. उष्णता पाइपातून फार लांब नेता येत नाही, त्यामुळे तिच्यावर चालणारा उद्योग झऱ्याजवळच्या गावातच उभा राहील. रोजगारासाठी मुंबईची वाट धरणाऱ्या या तालुक्यांना अशाच ऊर्जेची गरज आहे.