पाणी थांबतं तिथं हादगा, निथरतं तिथं शेवगा

मृग जवळ आला की कळवणच्या आमच्या रोपवाटिकेत एकाच रोपाची विचारणा सुरू होते. ग्रामपंचायतीतून माणूस येतो, शाळेचे गुरुजी येतात, अंगणवाडीच्या ताई येतात, मुलाच्या वाढदिवसाला झाड लावायचं ठरवलेले आईबाप येतात. सगळ्यांना शेवगा हवा असतो. २०१८ साली पोषण अभियान सुरू झालं, सप्टेंबर हा पोषण महिना म्हणून पाळला जाऊ लागला, आणि शेवग्याच्या पाल्याचं महत्त्व वाडीवस्तीवर पोचलं. हे फार चांगलं झालं. पण झाड कुठं लावणार, तिथं पावसाचं पाणी किती वेळ थांबतं, असं विचारलं की बहुतेकांकडे उत्तर नसतं. म्हणून यंदा पावसाआधीच लिहिते आहे. परसात, शाळेत, अंगणवाडीत शेवगा जरूर लावा, पण त्याच्या बरोबरीनं हादगाही लावा, आणि कोणतं झाड कुठं हे जागा बघून ठरवा.

आमचा तालुका एकसारखा नाही. अभोणा, कनाशी, दळवटकडं जावं तसा पाऊस वाढत जातो, डोंगर जवळ येतात, भात-नागलीची शेतं लागतात. देवळ्याच्या शिवेकडं यावं तसं रान कोरडं आणि मुरमाड होत जातं, उन्हाळ कांद्याच्या चाळी दिसू लागतात. एकाच गावातही टेकाडावरचं घर वेगळं आणि ओढ्याकाठचं वेगळं. अशा तालुक्यात एकच रोप सगळीकडं वाटलं तर त्यातली बरीच रोपं पोळ्यापर्यंत टिकत नाहीत.

शेवग्याला साठलेलं पाणी अजिबात चालत नाही. मुरमाड, हलकी, उताराची जमीन त्याला मानवते. एकदा मूळ धरलं की उन्हाळ्यात पाण्याचा ताणही तो सोसतो. पण काळ्या चिकट मातीत, न्हाणीच्या सांडपाण्यापाशी किंवा हातपंपाच्या डबक्याजवळ लावला की मुळं कुजतात, पानं पिवळी पडून गळतात आणि रोप उभ्या उभ्या जातं. मग लोक म्हणतात, रोप खराब होतं. रोप चांगलं असतं, जागा चुकलेली असते.

हादग्याचं याच्या उलट आहे. ओल त्याला आवडते, काही दिवस पाणी तुंबलं तरी तो तग धरतो. इंडोनेशियात जावा बेटावर भातशेतीच्या बांधांवर तो मुद्दाम लावतात. आपल्याकडं पानमळ्यात नागवेलीला आधार म्हणून शेवरीसोबत तो लावायची रीत जुनी आहे. तो शेंगवर्गातला, त्यामुळं त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जिवाणू हवेतलं नत्र जमिनीत बांधतात. गळलेला पालाही खत होतो. दळवटकडच्या भाताच्या बांधावर किंवा घरामागच्या मोरीच्या पाटाला याच्याइतकं सोयीचं झाड मला तरी माहीत नाही. थंडी मात्र त्याला सोसत नाही. आमच्याकडं पौषात पहाटे चांगलाच गारठा पडतो, म्हणून त्याचं बी जूनमध्येच टाकावं, म्हणजे थंडीपर्यंत खोड जून होतं. जागाही भिंतीच्या किंवा गोठ्याच्या आडोशाची बघावी.

लावायची आणि राखायची पद्धतही दोघांची वेगळी. शेवगा फाट्यावरून येतो आणि बियांवरूनही. घराला लागून असलेल्या जुन्या गोड शेंगेच्या झाडाचा मनगटाएवढा जाड फाटा पावसाच्या तोंडाशी लावला तर तीच चव पुढं चालते. बियांवरच्या वाणांत तमिळनाडूतल्या पेरियाकुलमच्या फलोत्पादन महाविद्यालयाचा पीकेएम-१ सगळ्यांत जास्त खपतो. लावल्या वर्षीच त्याला शेंगा धरतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा कोकण रुचिराही चांगला आहे. वाण कोणताही असो, रोप कमरेएवढं झालं की शेंडा खुडायचा, फांद्या फुटल्या की त्याही खुडायच्या, आणि शेंगांचा बहर संपला की जोरदार छाटणी करायची. शेवगा छाटला की नव्या जोमानं फुटतो. न छाटलेला शेवगा घराच्या वर जातो. शेंगा हाताला लागत नाहीत, आणि लाकूड ठिसूळ असल्यानं पोरं चढली की फांदी मोडते. दारात शेवगा नको असं जुनी माणसं म्हणत, त्यामागं मला हीच काळजी दिसते. छाटलेल्या, हाताच्या उंचीवर राखलेल्या शेवग्याला ती भीती नाही.

हादग्याला अशी छाटणी करू नका. तो खोडापासून तोडला किंवा सगळा पाला ओरबाडला की बऱ्याचदा मरतोच. बाजूच्या फांद्यांवरचा थोडा थोडा पाला काढावा, शेंडा आणि वरचा विस्तार राखावा. बी रात्रभर भिजवून सरळ जागेवरच टाकलं तरी उगवतं. वाढ इतकी वेगानं होते की वर्षाच्या आत झाड माणसाच्या दुप्पट उंच दिसतं. आयुष्य मात्र मोठं नाही आणि मुळं उथळ असतात, वादळात झाड आडवं होऊ शकतं. म्हणून कौलांजवळ, विजेच्या तारेखाली तो लावू नये आणि दर दोन-तीन वर्षांनी शेजारी नवं बी टाकत राहावं.

आता ताटाकडं येऊ. शेवग्याच्या शेंगा आमटीत, पिठल्यात जातात हे सांगायला नको. पाला मुगाच्या डाळीत शिजवून भाकरीबरोबर खातात, फुलांचीही भाजी होते. पाला सावलीत वाळवून भुकटी केली की कणकेत मिसळता येते. हादग्याची फुलं पाऊस सरता सरता येऊ लागतात. सप्तशृंगी गडावर नवरात्राची गर्दी असते त्या दिवसांत माझ्या सासूबाई सकाळी झाडाखाली पडलेली फुलं न घेता फांदीवरची उमलती फुलं खुडायच्या. देठ आणि मधला कडू दांडा काढून, कांदा-लसणाच्या फोडणीत परतून, वर बेसन पेरून त्या भाजी करत. बंगालमध्ये याच फुलांची भजी करतात, तमिळनाडूत एकादशीचा उपास सोडताना द्वादशीला हादग्याचा पाला जेवणात असतो. आपल्याकडं हा पाला शेळ्यांपुढं जातो. शेळ्यांना तो द्यावाच, पण थोडा आपल्या कढईतही यायला हवा. तो जरा कडवट असतो, म्हणून कोवळा घ्यावा आणि डाळीत मिसळावा.

हे मी नुसत्या आवडीनं सांगत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे जे तक्ते आपल्याकडं वर्षानुवर्षं वापरले गेले, त्यांत १०० ग्रॅम ताज्या शेवग्याच्या पाल्यात ४४० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ६.७ ग्रॅम प्रथिनं दिली आहेत. हादग्याच्या तेवढ्याच पाल्यात ११३० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८.४ ग्रॅम प्रथिनं आहेत. कॅल्शियम आणि प्रथिनं, दोन्हींत हादगा पुढं, पण शेवग्याचा पालाही कमी नाही. ज्या घरात गरोदर सून आहे, वाढीची मुलं आहेत, त्या घराला दोन्ही पाले हवेत. भाजीवर लिंबू पिळायला विसरू नका, त्यानं पाल्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. आणि एक सावधगिरी, शेवग्याची मुळी किंवा साल उगाळून घ्यायचे घरगुती उपाय गरोदर बाईनं करू नयेत.

शेवग्याचा आणखी एक गुण हादग्यात नाही. त्याच्या वाळलेल्या बियांचा गर कुटून गढूळ पाण्यात ढवळला की गाळ खाली बसतो. सुदानमध्ये नाईल नदीचं गढूळ पाणी बायका असंच निवळून घेत. पुरात गिरणेचं पाणी कसं होतं हे आपण पाहतो, तेव्हा ही युक्ती उपयोगाची आहे. पण निवळलेलं पाणी जंतुमुक्त होत नाही, ते उकळूनच प्यायला हवं.

काही जण मला म्हणतात, हादग्याला बाजार नाही, शेवग्याच्या शेंगा विकता तरी येतात. कांद्याच्या भावावर ज्यांचं वर्ष ठरतं त्यांनी असा हिशेब करणं साहजिक आहे, मीही त्याच घरातली आहे. पण परसातलं झाड बाजारासाठी नसतं. भाव पडलेल्या आठवड्यात पिशवीत भाजी कमी येते तेव्हा चुलीवर काय चढणार, याची तरतूद म्हणजे परसबाग. शेवगा शेंगा देतो तो हंगाम आणि हादगा फुलतो तो हंगाम बराचसा वेगळा असतो, त्यामुळं दोन झाडं वर्षातले जास्त महिने भागवतात. शिवाय एकावर केसाळ अळी पडली तर दुसरं उभं असतं.

सरकारी यंत्रणेकडं माझं मागणं साधं आहे. कळवणला आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे, आश्रमशाळा आहेत. २०१५ पासून आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून शिजवलेलं जेवण मिळतं आणि त्यात पालेभाजी असावी असं ठरलेलं आहे. मग प्रत्येक अंगणवाडीच्या आवारात दोन्ही झाडं का नसावीत? रोपं वाटण्याआधी जागा पाहा. पाणी निथरत असेल तिथं शेवगा, थांबत असेल तिथं हादगा, एवढा एकच प्रश्न रोपवाटपाच्या कागदावर छापा. शेवगा कधी छाटायचा आणि हादगा का छाटायचा नाही, हे अंगणवाडीच्या ताईंना प्रत्यक्ष झाडापाशी उभं राहून दाखवा. हिशेब लावलेल्या रोपांचा ठेवू नका. दुसऱ्या वर्षी किती झाडं उभी आहेत आणि त्यांचा पाला किती वेळा भांड्यात गेला, तो ठेवा.

आणि घरच्यांनी सरकारची वाट पाहू नये. पहिला मोठा पाऊस पडला की दाराशी उभं राहून बघा, अंगणातलं पाणी कुठं साचतं आणि कुठून वाहून जातं. कोणतं झाड कुठं लावायचं ते त्या एका पावसात कळतं. शेवग्याचा फाटा शेजाऱ्याकडं मागा, हादग्याचं बी ज्याच्याकडं झाड असेल त्याच्याकडून मूठभर आणा. ते कोणी नाकारत नाही.